तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या क्लबाचा उपयोग कुणाला?

टोकियोतल्या आमच्या निशी-कासाईच्या गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, परवा तर आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्येसुद्धा तोच प्रश्न: "वहिनी, तुमच्या त्या अमेरिकन कॉलेजच्या बायकांचा क्लब, त्याचा इथे जपानात नेमका कुणाला उपयोग होतो हो?" इतकी वर्षं मी विषय बदलत आले. आता एकदाच सांगते.

आम्ही त्या कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी जमून चहा पितो, हे खरं. पण वर्गणीचे आणि केकविक्रीचे पैसे, शिवाय महिन्यातले दोन शनिवार, चिबाकडच्या एका बालगृहातल्या मुलींसाठी असतात. इंग्रजीचा सराव, शिष्यवृत्तीचे अर्ज, मुलाखतीची तयारी. घरी राहणं शक्य नाही अशी ही मुलं. शाळा संपली, अठरा पूर्ण झाली, की बहुतेकींना बाहेर पडावं लागतं. मग भाड्याच्या खोलीला जामीन राहायला कुणी नाही आणि कॉलेजची फी भरायलाही कुणी नाही.

"परक्या बायकांनी चार पैसे गोळा करून काय होणार?" असं म्हणणाऱ्यांना मी पाच हजार येनची नोट दाखवते. जुलै २०२४ पासून तिच्यावर त्सुदा उमेको आहेत. १८७१ साली, वयाच्या सहाव्या वर्षी सरकारने त्यांना अमेरिकेला धाडलं. पुढे मोठेपणी त्या ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात शिकल्या आणि १९०० मध्ये टोकियोत त्यांनी दहा विद्यार्थिनींची शाळा काढली. त्या कामाला फिलाडेल्फियाच्या बायकांनी जमवलेल्या पैशांचा आधार होता. त्याच फिलाडेल्फियात आपल्या आनंदीबाई १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. माझं कॉलेज वेगळं, पण रीत तीच.

एवढं बोलून मी थांबत असे. पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी एक सतरा वर्षांची मुलगी माझ्याकडे यायची. खोडरबराचा चुरा टेबलावर राहू द्यायची नाही. बोटाने गोळा करून टिश्यूत बांधायची आणि खिशात ठेवायची. अर्जासाठी तिने रेल्वेच्या वेळापत्रकांवर निबंध लिहिला होता. कुठल्या स्टेशनात कोणती गाडी किती सेकंद थांबते, एक गाडी उशिरा आली की मागच्या सगळ्यांचं काय होतं, हे सगळं त्यात होतं. तिला तेच शिकायचं होतं. मी वाचलं आणि म्हणाले, "छान आहे, पण यात तू दिसत नाहीस. आईबद्दल लिही."

ती बराच वेळ मान खाली घालून बसली. मग तीन शनिवार लिहीत राहिली. काय लिहिलं ते इथे सांगणार नाही.

मुलाखतीच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसले होते. ती बाहेर आली, वाकून नमस्कार केला आणि गाडीत बसेपर्यंत काही बोलली नाही. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "सेन्सेई, त्यांनी रेल्वेबद्दल एकही प्रश्न विचारला नाही."

शिष्यवृत्ती मिळाली. पुढच्या शनिवारी ती आली नाही, त्यानंतरही कधी नाही.

मी स्वतःची समजूत घातली: फी भरली गेली ना? पण मला तो सल्ला सुचला कुठून, हे मला ठाऊक आहे. अठराव्या वर्षी सांगलीहून अर्ज केला तेव्हा मी आत्यावर लिहिलं होतं. नवऱ्याने टाकलेली, आमच्याच घरात राहणारी आत्या. तिचे दिवस, तिचं रडणं, सगळं. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली. आत्याने विचारलं, "काय लिहिलंस गं?" मी म्हणाले, "अभ्यासाबद्दल." तिने माझ्या बॅगेत मेतकूट भरून दिलं. ती गेली, पण मी तिला खरं सांगितलं नाही.

माझ्यातल्या त्या अठरा वर्षांच्या मुलीला मी आज दोष देते, तेव्हा ती उलट विचारते: मग दुसरं काय होतं माझ्याकडे? तसं लिहिलं नसतं तर तू आज कुठे असतीस? माझ्याकडे उत्तर नसतं.

क्लबात मी सुचवलं, मुलीने स्वतःहून काढल्याशिवाय घरचा विषय आपण काढायचा नाही. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंना ते पटलेलं नाही. त्या म्हणतात, अर्ज वाचणारे पाघळल्याशिवाय पैसे देत नाहीत, तुमच्या सोवळेपणाची किंमत मुली मोजतील. गेल्या वर्षी एकीने व्हॉलीबॉलवर लिहिलं, मी एक शब्दही बदलला नाही. तिला शिष्यवृत्ती मिळाली नाही.

येत्या शनिवारी दोन नव्या मुली यायच्या आहेत. एकीला आजीबद्दल लिहायचंय, असा तिथल्या बाईंचा निरोप आलाय. मी अजून काही कळवलेलं नाही.