फ्रॉकचा नेम

“आई, या डिसेंबरात मी रोज ड्रेस घालणार आहे. एकतीस दिवस. आणि त्यासाठी लोक पैसे देणार आहेत.”

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग डोंबिवलीहून उत्तर आलं, “रोज ड्रेसच तर घालतेस. साडी कुठे नेसतेस तू? आणि त्याचे पैसे कोण देतंय?”

तिचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे ड्रेस म्हणजे सलवार, कमीज, ओढणी. इथे शिकागोत ज्याला ड्रेस म्हणतात, त्याला मराठीत धड शब्दच नाही. फ्रॉक म्हणावं तर डोळ्यांसमोर दोन वेण्यांची सात वर्षांची मुलगी येते. गाऊन म्हणावं तर खांद्यावर ओढणी टाकून दुधाची पिशवी घ्यायला दार उघडणाऱ्या शेजारच्या काकू. मॅक्सी म्हणजे त्याच काकू, पंचवीस वर्षांपूर्वीच्या. “वन पीस” म्हणून पाहिलं, पण आईच्या लेखी पीस म्हणजे ब्लाऊजपीस. शेवटी फ्रॉकवर तडजोड झाली. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी महिनाभर फ्रॉक घालणार, ही बातमी त्याच संध्याकाळी तिने मावशीला कळवली.

या प्रकाराला इथे ड्रेसेंबर म्हणतात. ड्रेस अधिक डिसेंबर, कोटी आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या दर्जाची. ब्लाइथ हिल नावाच्या मुलीने २००९ साली कॉलेजात असताना स्वतःपुरता खेळ म्हणून डिसेंबरभर रोज ड्रेस घालायचं ठरवलं. पुढच्या वर्षी मैत्रिणी सामील झाल्या, मग मैत्रिणींच्या मैत्रिणी. माणसांची खरेदीविक्री होते, हा विषय तिच्या डोक्यात आधीपासून घोळत होता. २०१३ साली तिने दोन्हींची गाठ मारली: रोज ड्रेस घाला, ओळखीच्यांकडे पैसे मागा, ते इंटरनॅशनल जस्टिस मिशन या संस्थेला द्या. उद्दिष्ट होतं २५,००० डॉलरचं आणि जमले १,६५,००० च्या वर. पुरुषांसाठी टायची सोय आहे. माझ्या नवऱ्याने ती ऐकली, कपाटातल्या लग्नातल्या टायकडे एकदा पाहिलं आणि “मी देणगीदार होतो” म्हणाला.

नियम तसा सोपा आहे. रोज ड्रेस घालायचा, तोच घातला तरी चालतो. रोज वेगळा ही भानगड मी ओढवून घेतली. ऑफिसातला एकजण म्हणाला, एकही पुन्हा दिसला नाही तर दिवसाला दोन डॉलर. बासष्ट डॉलरसाठी मी हो म्हणून बसले आणि घरी येऊन कपाट उघडलं. आठ. त्यातला एक गरोदरपणातला, एक दीराच्या लग्नाच्या रिसेप्शनचा, टिकल्या लावलेला. टिकल्यांचा फ्रॉक घालून सकाळी नऊच्या मीटिंगला बसण्याची पाळी सव्विसाव्या दिवशी आली. सुदैवाने नाताळनंतर ऑफिसात कोणी नसतं.

नवे विकत घ्यायचे नाहीत, हे मात्र मनाशी पक्कं होतं. हजार डॉलर जमवायचे म्हणून आठशेचे कपडे घ्यायचे, हा हिशेब कुठल्याच वहीत बसला नसता. मग उसनवारी सुरू झाली. मैत्रिणींकडून काही आले. खालच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीने तीन दिले, त्यांतल्या एकात मी शिरले आणि नवऱ्याच्या मदतीने बाहेर आले. लांब कुर्ता सलवारीशिवाय घातला तर तो ड्रेस होतो का, यावर आमच्या घरात पाऊण तास चर्चा झाली. होतो, असं ठरलं. त्या निकालाने एका झटक्यात नऊ फ्रॉक वाढले.

आता शिकागोचा डिसेंबर. साडेचारच्या आत सूर्य मावळलेला, तळ्यावरून येणारा वारा, पारा शून्याच्या आसपास लटकलेला. अशात फ्रॉक घालणं म्हणजे आत थर्मल, पायांत कंबरेपर्यंतचे लोकरी मोजे, त्यावर फ्रॉक, त्यावर स्वेटर, त्यावर पोटऱ्यांपर्यंत येणारा कोट. गाडीत, रस्त्यावर, दुकानात फ्रॉक कोणाला दिसायचाच नाही. ज्याच्या नावाने मी पैसे मागत होते, तो दाखवायला कोट सोडावा लागायचा, आणि बाहेर कोट सोडण्याइतकं माझं समाजकार्य वाढलेलं नव्हतं. फोटो सगळे घरातल्या उंबऱ्याजवळचे आहेत. मागे चपलांचा ढीग.

रोज वेगळं घालण्याची सवय तशी आपल्याला नवी नाही. मुंबईत नोकरी करत होते तेव्हा नवरात्रात लोकलच्या लेडीज डब्यात चढलं की पंचांग बघायची गरज नसायची. सगळा डबा पिवळा म्हणजे गुरुवार, हिरवा म्हणजे शुक्रवार. नवरंगांचं हे खूळ फार जुनं नाही, वर्तमानपत्रांनी रंगांची यादी आणि वाचकांचे फोटो छापायला लागल्यावर ते वाढलं. पण बायकांनी ते असं उचललं की जणू देवीनेच सांगितलं होतं. राखाडी साडी एरवी कोण घेतं? शनिवारसाठी म्हणून घेतली जाते. त्या डब्यात कोणी दर रंगामागे दहा रुपये मागितले असते तर? अंधेरी येईपर्यंत एखाद्या शाळेचं छप्पर झालं असतं, असं मला आता वाटतं. तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी मोरपंखी कोणाकडे मिळेल या विवंचनेत होते.

ऑफिसात एका तरुण मुलीने मला तिसऱ्याच दिवशी अडवलं. “तुम्ही फ्रॉक घालता म्हणून मी पैसे का द्यायचे? तसेही देईन की.” प्रश्न बरोबर होता. मी मराठी मनाने त्याचं उत्तर शोधलं आणि ते मला आजीकडे सापडलं. आजी दर चातुर्मासात काहीतरी नेम धरायची. एका वर्षी जमिनीवर झोपली आणि कार्तिकीनंतर एका गरजू घरी गादी दिली. एका वर्षी मौनभोजन. चार महिने जेवताना एक शब्द नाही, मीठ कमी असलं तर भुवई वर. उद्यापनाला तिने देवळात घंटा दिली. गप्प राहिल्याबद्दल घंटा! लहानपणी मला याचं हसू यायचं. गादी नुसतीही देता आली असती, त्यासाठी चार महिने पाठ कशाला मोडून घ्यायची? पण नुसती दिली असती तर ती एका दुपारी देऊन विसरली असती. चार महिने रोज रात्री जमिनीवर अंग टाकताना, गादी नसलेलं एक घर तिच्या डोक्यात असायचं. शेजारणी विचारायच्या, ती सांगायची, आणि मग त्याही उशी आणून द्यायच्या.

त्या मुलीला मी हे सगळं इंग्रजीत सांगायला गेले आणि घंटेपाशी अडकले. तिने पंचवीस डॉलर दिले, बहुधा सुटकेसाठी.

याच्या नेमकी उलटी गंमतही एकीने केली आहे, आणि तिचं एक टोक आपल्याकडे येऊन पोचतं. केरळात वाढलेली शीना मथाइकेन न्यूयॉर्कमध्ये नोकरी करायची. २००९च्या मे महिन्यापासून तिने वर्षभर, ३६५ दिवस, एकच काळा ड्रेस घातला. म्हणजे एकाच बेताचे सात शिवून घेतले होते, धुण्याची सोय म्हणून. पुढून बटणं, उलटा घातला तर मागून बटणं, उघडा सोडला तर झगा. त्यावर रोज वेगळं काहीतरी: जुन्या बाजारातला पट्टा, कोणी दिलेली कॉलर, हाताने केलेली टोपी. कल्पना आली होती शाळेच्या गणवेशावरून. सगळ्यांना एकच कपडा दिला तरी पोरी त्यात आपला ढंग कसा घुसवतात, ते तिने शाळेत पाहिलं होतं. रिबिनीची गाठ, दुमडलेली बाही, मोज्यांची उंची. आपण सगळ्याच हे करून चुकलो आहोत. तिने जमवलेले एक लाखाहून जास्त डॉलर मुंबई-पुण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांना शिकवणाऱ्या आकांक्षा फाउंडेशनकडे गेले. ती एका ड्रेसवर वर्ष काढून गेली, आणि मी एकतीस दिवसांसाठी खालच्या मजल्यापर्यंत हात पसरत होते. कपाटाचं दार लावताना हे रोज आठवायचं.

पण खरं सांगायचं तर फ्रॉक घालणं सोपं होतं. मागणं अवघड. वडील गणपतीच्या वर्गणीला पावतीपुस्तक घेऊन निघायचे तेव्हा मी जिन्यात लपायचे. ते मात्र निवांत. बेल वाजवायची, नमस्कार करायचा, पेनाचं टोपण आधीच काढून ठेवायचं. समोरचा “किती लिहू?” म्हणाला की “यथाशक्ती” म्हणायचं आणि त्याच वेळी मागच्या वर्षीची स्थळप्रत उघडी धरायची. माझ्याकडे टोपणही नव्हतं. मी देणगीच्या पानाची लिंक पाठवायचे आणि फोन उलटा करून ठेवायचे. इथल्या मराठी मंडळाच्या गटावर पहिला निरोप टाकला तेव्हा वर चकलीच्या भाजणीची चौकशी होती आणि खाली भाजणीचीच उत्तरं येत राहिली. दोन दिवसांनी एकदम पैसे यायला लागले.

आणि त्यात एक मौज दिसली. ऑफिसातून आलेले आकडे वीस, पंचवीस, पन्नास. आमच्या लोकांचे एकवीस, एक्कावन्न, एकशे एक. संगणकावर आधीच छापलेल्या रकमा सोडून, खालच्या रिकाम्या चौकटीत मुद्दाम टाइप करून पाठवलेला तो वरचा एक डॉलर. शून्यावर थांबायचं नाही, पुढचं चालू राहिलं पाहिजे. नाव झाकलं तरी यादीतला मराठी माणूस ओळखू यायचा.

चोविसाव्या दिवशी साठा संपत आला. तेव्हा मंडळातल्या एका काकूंनी माझ्याकडे ओटीत आलेल्या खणांचं काय केलं म्हणून विचारलं. काय करणार? ओटीतला खण शिवायचा नसतो, तो पुढच्या ओटीत जायचा असतो. काही तर इतके फिरलेत की त्यांना स्वतःचा पासपोर्ट लागेल. पण आईने दिलेले तीन गुळेदगुडचे अस्सल खण होते, जांभळे, तांबड्या काठांचे. खण चोळीपुरता, एकात फ्रॉक कसला होतोय! काकूंनी तिन्ही जोडले, काठ उभे घेतले, आणि दोन रात्रींत शिवून दिला. शिलाई घेतली नाही. “ही माझी वर्गणी,” म्हणाल्या, आणि वर एक्कावन्न डॉलर दिले.

तो फोटो आईला पाठवला. या फोटोवर मात्र तिचा लगेच फोन आला. खण ओळखले होतेच. मग म्हणाली, “पण हे पैसे नक्की कशाला जातात, ते तू एकदाही नीट सांगितलं नाहीस.” मी सांगायला लागले, की बायकामुलांना फसवून, विकून, कोंडून कामाला लावतात, त्यांना सोडवायचं, कोर्टात त्यांच्या बाजूने उभं राहायचं. ती मध्येच म्हणाली, “कलम २३.”

आईने एकोणतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगारी यांना मनाई, शोषणाविरुद्धचा हक्क, तीन गुणांचा प्रश्न. “मुलं हे घडाघडा पाठ म्हणायची,” ती म्हणाली. “मीही घडाघडा शिकवायचे. एका वर्षी सातवीतली एक मुलगी दिवाळीनंतर आलीच नाही. वीटभट्टीवर गेले म्हणाले सगळे. मी हजेरीत गैरहजर लिहीत राहिले.” मग तिने विषय बदलला, मीही बदलू दिला. दुसऱ्या दिवशी भावाच्या कार्डावरून रक्कम आली. एकशे एक.

एकतीस तारखेला रात्री बेरीज पाहिली. १,२६० डॉलर. ऑफिसातल्या त्या गृहस्थांचे बासष्ट धरून. खणाचा फ्रॉक त्यांनी दोन दिवसांचा धरावा का, असं स्वतःहून विचारलं होतं.

एक तारखेला सकाळी जीन्स चढवली. महिनाभर खिसे नव्हते. बायकांच्या फ्रॉकना खिसे का नसतात, हा वेगळ्या लेखाचा आणि वेगळ्या भांडणाचा विषय आहे. सवयीने दोन्ही हात खिशात गेले आणि उजव्यात नोव्हेंबरातली एक नोट लागली. चुरगळलेली, एक डॉलरची. देणगीचं पान अजून उघडंच होतं. कार्डाचा नंबर घातला, खालच्या रिकाम्या चौकटीत १ लिहिलं, आणि नोट परत खिशात ठेवली.