बोलणारा बिबट्या मुलांना का दाखवता?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मे महिन्यात मुलांसाठी सिनेमा लावायची वेळ आली, की मी ‘दिल्ली सफारी’ सुचवते. मग कुणाची आई, कुणाचे आजोबा हमखास विचारतात : समोर येऊरचा डोंगर, त्यात खरे बिबटे. बोलणारा, गोड बिबट्या दाखवून मुलांची भीती कशाला मोडायची? ही काळजी खरी आहे, म्हणून सविस्तर सांगते.

सिनेमा २०१२ चा. दिग्दर्शन निखिल अडवाणींचं, निर्मिती पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सची, आणि सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. मुंबईच्या जंगलात बुलडोझर घुसतात, युवी या बछड्याचे वडील मारले जातात. मग तो, त्याची आई, एक माकड आणि एक अस्वल थेट दिल्लीला, संसदेत दाद मागायला निघतात. बरोबर ॲलेक्स पोपट, कारण माणसांची भाषा येते ती फक्त त्याला.

माझं निम्मं उत्तर या पोपटातच आहे. बाकीचे प्राणी आपापसात कितीही बोलोत, माणसासमोर ते मुकेच. आणि ज्याला बोलता येतं, तो माणसाच्या घरात सुखात राहिलेला. त्याला जंगलाच्या भानगडीत पडायचंच नाही. त्याची मनधरणी करण्यात सगळी गंमत आहे. बिबट्या आपल्याशी बोलायला येणार नाही, हे मुलांना सिनेमाच सांगतो. भोपळ्यात बसून लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीशी वाघ बोलतो, ते आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. म्हणून कुणी वाघाच्या गळ्यात पडायला गेलं नाही.

गोविंदाच्या आवाजातलं बजरंगी माकड माणसांशी लढायला उतावीळ, बोमन इराणींच्या आवाजातलं बग्गा अस्वल मऊ स्वभावाचं. मुलं त्यांच्यावर खळखळून हसतात आणि हसता हसता बाजू घेऊ लागतात. दहा वर्षांची पोरं ‘भांडून काय मिळणार?’ यावर वाद घालतात, तेव्हा मला फार बरं वाटतं. मधली गाणी लांबतात, ती मी पुढे ढकलते.

एक गोष्ट मात्र खटकते. सिनेमात जंगलाच्या बाजूने उभी राहणारी माणसं जवळजवळ नाहीतच. येऊरच्या पाड्यांवर आदिवासी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, वाघोबाला देव मानतात, बिबट्याच्या वाटा ओळखून वागतात. ही माणसं दिसली असती, तर शेजार कसा करायचा तेही मुलांना कळलं असतं. तेवढी भर मी गप्पांमधून घालते.

सिनेमा संपला की प्रश्न सुरू होतात. ‘काकू, बिबट्या इकडे कशाला येतो?’ मग मी कचऱ्यापासून सुरुवात करते. उघड्यावर टाकलेल्या अन्नावर भटकी कुत्री पोसली जातात आणि कुत्रं हे बिबट्याचं सोपं भक्ष्य. येऊर ज्याचा भाग आहे ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं, त्याला तीन बाजूंनी शहर भिडलेलं. आपल्या गेटबाहेरचा ढीग हे बिबट्याला दिलेलं आमंत्रणच. दुसऱ्या दिवशी मुलं घरी जाऊन कचऱ्यावरून मोठ्यांना बोलतात. बोलू द्या.

२०१९ च्या फेब्रुवारीत ठाण्यात एक बिबट्या मॉलच्या आवारात शिरला होता आणि पुढे जवळच्या हॉटेलच्या तळघरात वनखात्याने त्याला पकडलं, हेही मी सांगते. अशा वेळी गर्दी आणि आरडाओरडा झाला की घाबरलेलं जनावर वाट शोधत कुठेही घुसतं. म्हणून दिसला तर पळायचं नाही, खाली वाकायचं नाही, मोबाईल घेऊन जवळ जायचं नाही. त्याला जायला वाट मोकळी ठेवून, त्याच्याकडे तोंड करून हळूहळू मागे यायचं आणि मोठ्यांना सांगायचं. मोठ्यांनी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. अंधार पडल्यावर डोंगराच्या कडेला लहानांनी एकटं फिरायचं नाही. युवीसाठी डोळे पुसलेलं मूल हे सगळं कान देऊन ऐकतं. नुसत्या भीतीने दारं बंद होतात, पण गेटबाहेरचा कचरा काही उचलला जात नाही.

अगदी लहानांना मात्र मी बसवत नाही. वडिलांचा मृत्यू सुरुवातीलाच येतो आणि तो त्यांना झेपत नाही. पहिलीच्या पुढच्यांना पाठवा. आणि जमलं तर तुम्हीही या. कचऱ्याचा प्रश्न मुलं तुम्हालाच विचारणार आहेत.