पाणी येते का, पाणी कसे येते

मराठीत ‘का’ वाक्यात कुठे बसतो, यावर प्रश्नाचा स्वभाव ठरतो. ‘तुम्ही टाकी घेतलीत का?’ याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढे उत्तर पुरते. तोच ‘का’ क्रियापदाच्या आधी आणून ‘तुम्ही टाकी का घेतलीत?’ असे विचारले, की समोरच्याला कारण सांगावे लागते. पहिला प्रश्न बंदिस्त, दुसरा मुक्त. हा भेद मला तोंडपाठ होता. तो कळला मात्र भांडुपच्या टेकडीवरील एका वस्तीत, रहिवाशांसाठी पाण्याचे सर्वेक्षण करताना.

प्रश्नावली मीच तयार केली होती. घरात नळ आहे का, पाणी रोज येते का, पाणी पुरते का, आणि प्रत्येकापुढे खुणेसाठी दोन चौकोन. पहिल्या रविवारी चाळीसेक घरे झाली आणि जवळपास सगळीकडे ‘हो’वरच खूण पडली. कागदावर त्या वस्तीत पाण्याचा प्रश्नच उरला नव्हता. शेवटच्या घरी कागद मिटून उठता उठता मी सहज विचारले, ‘‘आजी, पाण्याचं कसं चालतं तुमचं?’’ त्यावर आजी पंधरा मिनिटे बोलत राहिल्या. पाणी पहाटे साडेचारला येते, तेही पाऊण तास. खालच्या घरांतल्या मोटारी सुरू झाल्या, की वरच्या नळाची धार करंगळीएवढी होते. सून पहिल्या पाळीला जाणार असेल, तर आजी उठतात. पाहुणे आले, तर शेजारून दोन हंडे उसने आणावे लागतात. ‘‘मग पाणी पुरतं असं कसं म्हणालात?’’ या माझ्या प्रश्नावर त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘पुरवावं लागतं, म्हणून पुरतं.’’

त्यांचा ‘हो’ खोटा नव्हता. माझ्या प्रश्नात त्या पहाटेला जागाच नव्हती.

म्हणून बंदिस्त प्रश्न टाकाऊ ठरत नाहीत. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख भरली. एवढ्या माणसांची माहिती ठरलेल्या पर्यायांशिवाय मोजता आली नसती. त्या जनगणनेच्या घरयादीत ३५ प्रश्न होते आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत घराच्या आवारात आहे, जवळ आहे की दूर, याचेही ठरावीक पर्याय होते. पण योग्य पर्याय कोणते, हे आधी मोकळेपणी ऐकल्याशिवाय कळत नाही. आमच्या दुसऱ्या प्रश्नावलीतले बंदिस्त प्रश्न आजींच्या बोलण्यातूनच आले: पाणी किती वाजता येते, किती मिनिटे टिकते, भरायला कोण उठते, महिन्यातून किती वेळा उसने घ्यावे लागते.

मुक्त प्रश्नही जपून विचारावा लागतो. ‘मोटार का लावलीत?’ असे विचारले, की माणसे जाब विचारल्यासारखी आक्रसून जात. ‘मोटार लावायची वेळ कशी आली?’ म्हटले, की बोलू लागत. सर्वांत घातक मला ‘ना’ वाटतो. ‘पाणी कमीच येतं ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच ठेवलेले असते. कायद्यात याला सूचक प्रश्न म्हणतात. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमानेही, विरुद्ध पक्षाने हरकत घेतल्यास, तो सरतपासणीत, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारताना, न्यायालयाच्या परवानगीशिवाय विचारू दिला नव्हता; उलटतपासणीत मात्र त्याला मुभा होती. आम्ही तर वस्तीच्या बाजूनेच बोलणार होतो, त्यामुळे हे पथ्य आम्हालाच अधिक पाळायला हवे होते.

नव्या प्रश्नावलीच्या शेवटी ‘आणखी काही सांगायचे आहे का?’ असे होते. त्याला बहुतेकांनी ‘नाही’ म्हटले. पुढच्या रविवारी आम्ही तिथे ‘पाण्याबद्दल आणखी काय सांगाल?’ असे लिहिले आणि खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या. बऱ्याच घरांत त्या पुरल्या नाहीत. उरलेले आम्ही कागदाच्या पाठीवर लिहून घेतले.