पोस्ट रेस्टांट, इंदूर: पाकीट शहरात पोचतं, खिडकीवर नाही

संसार गाडीत घालून फिरणाऱ्यांना टपालाबद्दल सगळीकडे एकच सल्ला मिळतो. पुढच्या मुक्कामाच्या शहराचं मुख्य टपाल कार्यालय निवडा, पाकिटावर ‘पोस्ट रेस्टांट’ (म्हणजे कार्यालयातच ठेवा, घेणारा येऊन नेईल) लिहायला सांगा, आधार दाखवा, पाकीट घ्या. ग्वाल्हेर–इंदूर–बडोदे ही वाट याच भरवशावर केली. सल्ला खोटा नाही, अर्धवट आहे. उरलेला अर्धा कळतो तेव्हा डेबिट कार्ड पुण्याला परत निघालेलं असतं.

रस्त्याबद्दल एवढंच: ग्वाल्हेरहून शिवपुरी, गुना, ब्यावरा, देवास करत इंदूर सुमारे ५०० किलोमीटर, तिथून धार, झाबुआ, दाहोद, गोध्रा करत बडोदे सुमारे ३५०. मांडू-महेश्वर सुंदर आहेत, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. इथे फक्त टपाल.

आधी घोळ कुठे होतो ते. बऱ्याच शहरांत आता स्पीड पोस्टचं वाटप जुन्या टपाल कार्यालयातून होत नाही, वेगळ्या वाटप केंद्रातून होतं. तिथे पाकिटं पोस्टमनच्या बीटनुसार, म्हणजे ठरलेल्या फेरीनुसार लावतात. पोस्ट रेस्टांटला बीट नसते. लावणारा माणूस घाईत पिन बघतो आणि पाकीट त्या भागाच्या बीटमध्ये टाकतो. पोस्टमनला घर नंबर दिसत नाही, गल्ली दिसत नाही. तो मोबाईलवर ‘अपूर्ण पत्ता’ नोंदवतो आणि मोकळा होतो. तुम्ही मुख्य कार्यालयाच्या खिडकीवर उभे असता आणि पलीकडून उत्तर येतं, ‘हमारे यहाँ तो आया ही नहीं।’ तेही खरंच बोलत असतात. पाकीट दुसऱ्याच इमारतीत पडलेलं असतं.

वाटेवरच्या एका शहरात (नाव घेत नाही, कुठेही होऊ शकतं) याच दोन इमारतींमध्ये अख्खा दिवस गेला. खिडकीवरचे म्हणाले केंद्रात जा, केंद्रातले म्हणाले ट्रॅकिंग बघा, ट्रॅकिंगवर ‘परत पाठवलं’. म्हणून स्पष्ट सांगतो: ज्या पाकिटावाचून पुढचा महिना अडेल ते पोस्ट रेस्टांटने मागवू नका. मासिक, पुस्तक, घरच्यांचं पत्र असेल तर खुशाल मागवा.

तरीही मागवायचंच असेल तर क्रम असा ठेवा. पाकीट निघायच्या आधी त्या कार्यालयात स्वतः जा. ते शहर अजून दूर असेल तर फोन करा, पण फोन उचलतीलच असं नाही. खिडकीवरच्या कारकुनाला विचारून उपयोग नाही, डिलिव्हरीचे असिस्टंट पोस्टमास्तर किंवा पीआरआय (टपालाचे जनसंपर्क निरीक्षक) यांना भेटा. दोनच प्रश्न विचारा: या पिनचं स्पीड पोस्ट कुठून वाटलं जातं, आणि ‘विंडो डिलिव्हरी’, म्हणजे खिडकीवरून पाकीट, कुठे मिळेल. उत्तरात वाटप केंद्राचं नाव आलं तर पाकीट घ्यायला तिथेच जायचं. साध्या कागदावर पोस्टमास्तरांच्या नावे अर्ज द्या: नाव, मोबाईल, कोणत्या तारखेपर्यंत शहरात आहात, सोबत ओळखपत्राची प्रत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तो शिक्का पुढे प्रत्येक टेबलावर कामाला येतो.

पाकिटावर वर मोठ्या अक्षरांत ‘पोस्ट रेस्टांट, प्राप्तकर्ता स्वतः नेईल’. त्याखाली नाव, मग ‘द्वारा पोस्टमास्तर, इंदूर जीपीओ, इंदूर ४५२००१’, आणि तुमचा मोबाईल नंबर. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि नंबर मागे नाही, पुढच्याच बाजूला खाली डावीकडे. नाव ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. ‘सौ. वहिनी’, ‘बंडूकाका’ चालत नाही. लग्नानंतर आधारवर नाव बदललंय आणि आई मात्र माहेरच्या नावाने पाकीट पाठवते, हा आपल्याकडचा हमखास घोटाळा. पिन चुकवू नका, शहराच्या नावापेक्षा यंत्र पिनच वाचतं. (ही पिनची पद्धत १९७२ ची, श्रीराम भिकाजी वेलणकरांची. एका मराठी माणसाने एवढं सोपं करून ठेवलंय, निदान सहा आकडे तरी नीट लिहावेत.) २०२५ मध्ये आलेला दहा अक्षरी डिजीपिन जागा दाखवायला ठीक आहे, पण तो पिनच्या जागी लिहायचा नाही.

पाठवणाऱ्याकडून पावतीचा फोटो त्याच दिवशी मागवा. क्रमांक तेरा अक्षरी असतो: ई पासून सुरू होणारी दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी आयएन. पुणे किंवा मुंबईहून इंदूरला दोन ते चार दिवस धरा, दिवाळीत दुप्पट. वाटपाचा पहिला प्रयत्न फसला की पाकीट साधारण सात दिवस थांबतं, मग परत. म्हणजे एका शहरात सलग दहा दिवस राहणार नसाल तर तिथे काही मागवूच नका.

२०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय. ऑक्टोबर २०२५ च्या दरपत्रकात ५० ग्रॅमपर्यंत बाहेरगावी ४७ रुपये, नोंदणी हवी तर वर ५, ओटीपी सांगितल्यावरच पाकीट द्यावं असं हवं तर आणखी ५, जीएसटी वेगळा. हे आकडे लक्षात ठेवा, कारण लूट इथेच होते. स्टेशनाजवळच्या झेरॉक्स-कुरिअरवाल्या दुकानांत ‘आमच्या पत्त्यावर मागवा, ठेवून देतो’ म्हणतात आणि न्यायला गेलं की पाकिटामागे रोजचं भाडं लावतात. एका पातळ लिफाफ्याचे अडीचशे मागितले, घासाघीस करून दीडशेवर आले, पावती नाही. देऊ नका. त्यापेक्षा खाजगी कुरिअरने मागवायचं असेल तर त्यांच्या शाखेवरच ‘सेल्फ कलेक्ट’ करून मागवा, पण शाखा ते करते का हे आधी विचारा. आणि खाजगी कुरिअरचं पाकीट पोस्ट रेस्टांटवर येत नाही, ते पाठवूच नका.

खरा भरवशाचा मार्ग म्हणजे माणूस. इंदूरमध्ये राजेंद्रनगर, रामबाग भागात मराठी घरं भरपूर, कुणाची तरी मावशी, आत्या, आतेभाऊ निघतोच. ‘द्वारा’ लिहून त्यांचा पत्ता द्या, आणि सहा महिने तोच ठेवा. मुक्काम बदलला तरी पत्ता बदलू नका. तिथे साठलेलं टपाल महिन्यातून एकदा एका मोठ्या पाकिटात पुढे मागवा. मावशींना फक्त तीन गोष्टी सांगा. एक, नोंदणीचं पाकीट ज्याचं त्याला किंवा त्याने अधिकार दिलेल्याला मिळतं, म्हणून अधिकारपत्र लागतं: पोस्टमास्तरांच्या नावे, तुमची सही, मावशींची नमुना सही, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती; एक वाटप कार्यालयात, एक मावशींच्या कपाटात. दोन, दरवाजावर तुमचंही नाव चिकटवायचं, छोट्या चिठ्ठीवर का होईना. बदली पोस्टमन पाटीवर नाव दिसलं नाही की ‘प्राप्तकर्ता राहत नाही’ लिहून निघतो. तीन, पाकीट फोडायचं नाही, फोटो काढून पाठवायचा. अशा व्यवस्थेत ओटीपी घेऊ नका. पोस्टमन दारात, तुम्ही घाटात, रेंज नाही, पाकीट परत. स्वतः खिडकीवर घेणार असाल तर मात्र ओटीपी जरूर घ्या.

मुळात टपाल कमी करा. गाडीचं आरसी आणि लायसन्स डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधलं ग्राह्य आहे. ई-आधार, ई-पॅन, ई-पॉलिसी पुरतात. आधारचं पीव्हीसी कार्ड आधारवरच्या पत्त्यावरच जातं, फिरत्या पत्त्यावर मागायचा पर्यायच नाही. डेबिट कार्डाची मुदत तीन महिने आधी बघून ठेवा. पत्रव्यवहाराचा पत्ता बँकेत आधी बदला, मग कार्ड मागा. उलट क्रमाने केलं तर कार्ड जुन्या घरी जातं. पॉवर बँक टपालाने मागवू नका, लिथियम बॅटरी अडवतात.

घरच्या जुन्या पत्त्याकडे मात्र दुर्लक्ष नको. कुणाला चेक दिलेले असतील आणि एखादा वटला नाही, तर नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस असतात. बरोबर पत्त्यावर नोंदणीने पाठवलेली नोटीस ‘दार बंद’ शेऱ्यासह परत गेली तरी ती मिळाली असं कोर्ट धरू शकतं. याच्या मुळाशी १८९७ चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, कलम २७. ‘आम्ही तेव्हा झाबुआत होतो’ ही सबब तिथे उपयोगाची नाही. बंद घराचं टपाल वळवायचा अर्ज देता येतो, पण त्याला मुदत असते आणि नूतनीकरण आपणच करायचं. शेजारचे काका पेटी बघतील तर तेच बरं.

ग्वाल्हेरला नुसतं ‘ग्वाल्हेर’ लिहू नका. लश्कर ४७४००१, मुरार ४७४००६, किल्ल्याखालचं जुनं ग्वाल्हेर वेगळं. बडोद्यात रावपुरा, ३९०००१. पत्ता इंग्रजीत किंवा गुजरातीत लिहिलेला बरा.

अडलंच तर १८०० २६६ ६८६८ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. ‘पत्ता अपूर्ण आहे, इथे दाबून भरा’ असे एसएमएस येतील. टपाल खातं असे दुवे पाठवत नाही, पण आपला पत्ता खरंच अपूर्ण असतो म्हणून फिरती माणसं नेमकी इथेच फसतात. त्यात तेरा अक्षरी क्रमांक असेल तर टपाल खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. नसेल तर पुसून टाका.