दोन डबे बुरशी आणि एक ढोकळापात्र

कुत्र्यासाठी घरी ट्रीट करणं सोपं आहे असं ज्यांनी लिहिलंय, ते एकतर नाशकात राहत नसावेत किंवा जुलै-ऑगस्टात गाव सोडून जात असावेत. "पंचवीस मिनिटं भाजा, गार करा, हवाबंद डब्यात महिनाभर टिकतात." हे वाक्य मी दहा ठिकाणी वाचलं असेल. त्या महिनाभर टिकण्याच्या नादात माझे सहा आठवडे, दोन डबे आणि सासूबाईंची थोडीफार माया गेली.

ठमी आमची गावठी, रस्त्यावरून उचललेली. दीड वर्षाची, वजन १४ किलो. जूनमध्ये मांजरामागे फाटकातून सुटली ती थेट त्र्यंबक रोडवर. एसटीच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. मी मागून घसा फाडून हाका मारतेय आणि ही कान मागे टाकून पळतेय. त्याच आठवड्यात शिकवणी लावली. ट्रेनर सर म्हणाले, हाक ऐकून आली की एक-दोन सेकंदांत तोंडात खाऊ पडला पाहिजे. उशीर केलात तर बक्षीस कशाचं हेच तिला कळणार नाही. एका वेळच्या सरावाला असे तीस-चाळीस खाऊ. पाकिटातल्या ट्रीट आणल्या, दोन दिवसांत पाकीट साफ. तिसऱ्या पाकिटाची किंमत बघून नवरा म्हणाला, "यात काजू घालतात का?" मग म्हटलं, घरीच करू. शंकरपाळे करणाऱ्या बाईला कुत्र्याची बिस्किटं काय अवघड!

पहिल्या घाण्याची गोष्ट सांगायलाही लाज वाटते. कृतीत लिहिलं होतं, ३५० अंशांवर भाजा. आमच्या ओटीजीचा काटा २५० च्या पुढे जातच नाही. मला वाटलं, आपला ओव्हन बारका, चालतंय, शेवटपर्यंत फिरवू. बाहेरून कोळसा आणि आत कच्ची कलेजी. धूर एवढा की शेजारच्या काकू "काही जळतंय का गं?" विचारायला आल्या. ते ३५० फॅरनहाइट होतं. आपल्या सेल्सिअसमध्ये १७७, म्हणजे काटा १८० वर. हे रात्री नवऱ्याने शांतपणे सांगितलं, त्याचा जास्त राग आला.

दुसरा घाणा मात्र देखणा झाला. पाव किलो चिकनची कलेजी उकडून मिक्सरला लावली, त्यात गव्हाचं पीठ, एक अंडं, मूठभर दाण्याचं कूट. लाटून कातण्याने कापल्या, १८० वर भाजल्या, खुटखुटीत. ठमीने एक उचलली आणि पलंगाखाली जाऊन कुडुमकुडुम खात बसली. मी धन्य. स्टीलच्या डब्यात भरल्या, झाकण घट्ट लावलं. तिसऱ्या दिवशी सादळल्या. पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर ओल्या गोणपाटासारखा वास आणि कडेच्या चार-पाच तुकड्यांवर पांढरी लव. मी ते तुकडे काढून टाकले, बाकीच्या पुसून घेतल्या आणि देणारच होते. पावाची कड काढून उरलेला पाव खातोच की आपण. सुदैवाने त्याच दिवशी लसीसाठी डॉक्टरांकडे जायचं होतं, म्हणून विचारलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, अख्खा डबा टाका. बुरशी दिसते तेवढीच नसते. तिच्या विषाने कुत्र्याला थरथर सुटते, झटके येतात. आणि शेंगदाण्याच्या, मक्याच्या बुरशीत जे अफ्लाटॉक्सिन असतं ते थेट यकृतावर जातं. माझ्या घाण्यात दाण्याचं कूट होतं. डबा टाकला.

इथून जे सुरू झालं त्याला मी सुकवण्याचं खूळ म्हणते. आपल्याला वाटलं, भाजणं कमी पडलं. म्हणून तिसऱ्या खेपेला ओटीजी १०० वर ठेवला, दाराच्या फटीत लाकडी उलथनं अडकवलं म्हणजे वाफ बाहेर जाईल, आणि चार तास तिथेच बसले. मधे दोनदा वीज गेली. तुकडे असे झाले की फरशीवर टाकले तर टण्ण आवाज यावा. या वेळी डब्यात तांदूळ भाजून त्याची पुरचुंडीही ठेवली, मिठाच्या बरणीत ठेवतात तशी. त्या आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या (नाशकात पूर तिच्यावरच मोजतात) कमरेला गोदावरी लागली होती, घरात टॉवेल वाळत नव्हते, काडेपेटीची काडी पेटत नव्हती. आणि मी डब्यातल्या बिस्किटांनी कोरडं राहावं अशी अपेक्षा करत होते. दिवसातून पाच वेळा डबा उघडला की पाच वेळा ती ओली हवा आत जाणारच ना! आठव्या दिवशी पुन्हा लव. या वेळी हिरवट.

मध्ये दोन दिवस उघडीप मिळाली. मला सासूबाईंचं उन्हाळ्यातलं वाळवण आठवलं, कुरडया, सांडगे, गच्चीवर साडी पसरून. मीही उकडलेल्या कलेजीचे पातळ काप परातीत पसरून गच्चीवर ठेवले, वर नेटचा कपडा बांधला. तासाभरात कावळ्यांनी नेट फाडलं. उरलेल्याला मुंग्या लागल्या. दुपारी तीनला आभाळ आलं आणि मी परात घेऊन जिन्यातून पळत खाली आले. त्या ओलसर कापांचा वास दोन दिवस जिन्यात होता. ते काप मी ठमीला दिले नाहीत, आणि तुम्हीही असलं काही देऊ नका. मांस चैत्र-वैशाखाच्या उन्हातही भरवशाचं नाही, ढगाळ हवेत तर ते नुसतं कोमट राहून नासतं.

मग नवऱ्याच्या मित्राने उपाय काढला. त्याच्या ओळखीत कुणाचं तरी कांदा सुकवायचं युनिट आहे, मोठमोठे ट्रे, गरम हवेचे पंखे. "वहिनी, तुमचे दोन ट्रे सहज टाकतील." मी तर पिशवी भरून तयार. पण डॉक्टरांना सहज फोन केला तर ते हसायलाच लागले. कांदा कुत्र्याला चालत नाही, कच्चा नाही, शिजवलेला नाही, आणि वाळवलेला तर सगळ्यात वाईट, कारण पाणी उडून त्यातलं वाईट तेवढं एकवटलेलं असतं. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लसणाचंही तसंच. म्हटलं, मग द्राक्षवाल्यांकडे बघते, बेदाण्याचं शेड. "अहो, द्राक्ष आणि बेदाणा तर अजिबातच नको, मूत्रपिंड निकामी होतं." त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं आता मानतात, म्हणून चिंचेलाही ते नको म्हणाले. म्हणजे बघा, नाशकात सुकवायचं यंत्र शोधावं तर त्यात आधी कांदा गेलेला असतो नाहीतर द्राक्षं. कांद्याचं लासलगाव एका बाजूला, द्राक्षांचं पिंपळगाव दुसऱ्या बाजूला, आणि मधे मी पिशवीत कलेजी घेऊन उभी.

एवढ्यात श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणात घरात मांस शिजत नाही, आणि ओटीजी सासूबाईंच्या नानकटाईचा. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता ओटीजीवर क्रोशाचा रुमाल घातला. मी काय ते समजले. चिकनच्या दुकानात गर्दी नव्हती, दुकानवाले भाऊ कलेजी तोलताना गालात हसले. "ताई, श्रावणात?" मी म्हटलं, "कुत्र्यासाठी आहे." "सगळे तेच सांगतात," म्हणाले आणि वर दोन कलेज्या जास्त टाकल्या.

मागच्या गॅलरीत इंडक्शन शेगडी ठेवली. आता ओव्हन नाही, म्हणजे भाजणं नाही. काय करावं म्हणून शिकवणीची वही उघडली, तर पहिल्याच पानावर, माझ्याच अक्षरात: "मऊ. वाटाण्याएवढी. वास येणारी. चावत बसायला नको." सरांनी हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि मी लिहूनही घेतलं होतं! कडक बिस्किट घेऊन ठमी पलंगाखाली जात होती, ती मला खूश झालेली वाटत होती, पण तेवढा वेळ शिकवणी बंद पडत होती. ट्रीट कुरकुरीत असायला हवी हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं. चित्रांत हाडाच्या आकाराची बिस्किटं असतात, तेवढंच. जी गोष्ट ओलीच हवी ती सुकवण्यासाठी मी दीड महिना झटत होते. त्या रात्री मी नवऱ्याशीसुद्धा नीट बोलले नाही, त्याचा यात काहीच दोष नसताना.

पुढचं एका दुपारीत झालं. माळ्यावर कान तुटलेलं जुनं ढोकळापात्र होतं. ते इंडक्शनवर ठेवलं तर शेगडी नुसती पीं पीं करत राहिली, अॅल्युमिनियम तिला चालत नाही. मग स्टीलच्या पातेल्यात वाटी उपडी घालून तिच्यावर ढोकळ्याची थाळी ठेवली. पाव किलो कलेजी कच्चीच मिक्सरला लावली (भांडं वेगळं ठेवलंय, त्यावर लाल दोरा बांधलाय), त्यात एक अंडं, एक वाटी नाचणीचं पीठ. मीठ नाही, मसाला नाही, सोडा नाही. ढोकळ्याच्या पिठापेक्षा जरा दाट. थाळीला तेलाचं बोट, वर झाकण, पंचवीस मिनिटं वाफ. सुरी घालून बघायची, कोरडी निघाली पाहिजे, आणि मधोमध गुलाबी दिसता कामा नये. पूर्ण गार झाल्यावर कोथिंबीर वडीसारखं उभं-आडवं कापायचं, पण बारीक. गरम असताना कापाल तर सुरीला चिकटून भुगा होतो, मी केलाय. एका थाळीत तीनशेच्या वर तुकडे निघतात.

आणि ते टिकवायचे नाहीत, गोठवायचे. ताटात सुटे पसरून तासभर फ्रीजरमध्ये, मग चाळीस-चाळीसच्या पुड्या. सकाळी एक पुडी खाली फ्रीजमध्ये काढायची, संध्याकाळी वापरायची. खाली काढलेली तीन दिवसांच्या वर ठेवत नाही. पाकिटातल्या मऊ ट्रीट महिनोन्महिने मऊ राहतात त्या ग्लिसरीन आणि टिकवण्याच्या इतर द्रव्यांमुळे, पाकिटामागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आपल्या घरात ते नाही, फ्रीजर आहे.

मधेच आठवलं म्हणून सांगते, पीनट बटर घालणार असाल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलंय का बघा. साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते, बिनसाखरेच्या गोष्टींत असू शकतं, आणि कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने धाडकन उतरते. मी सरळ दाणे भाजून मिक्सरला फिरवते, पण पावसाळ्यात तेही नाही. खवट किंवा काळपट दाणा एकही नको. जायफळही नको, सणासुदीला सवयीने हात जातो.

कलेजीचं रोज नको, असंही डॉक्टरांनी बजावलंय, अ जीवनसत्त्व फार होतं. म्हणून एक खेप कलेजीची, पुढची उकडलेल्या चिकनची नाहीतर नुसती अंडं आणि लाल भोपळ्याची. भोपळ्याची ठमी घरात खाते, रस्त्यावर नाक मुरडते. मांजर समोर असताना भोपळ्यासाठी कोण मागे वळेल, मीही वळणार नाही. म्हणून बाहेर कलेजी, घरात भोपळा. आणि खाऊ दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ द्यायचा नाही, तेवढी पोळी किंवा भात जेवणातून कमी करायचा. हे आधी केलं नाही म्हणून जुलैत ठमीचा पट्टा एक भोक पुढे सरकला होता.

परवा संध्याकाळी फाटक उघडं राहिलं. तेच मांजर, तोच रस्ता. ठमी दहा पावलं गेली, मी हाक मारली, ती थांबली. एकदा मांजराकडे बघितलं, एकदा माझ्या कमरेच्या पिशवीकडे. मग आली. मी पिशवीत हात घातला तर पिशवी रिकामी, पुडी फ्रीजमध्येच. घरात धावत जाऊन सासूबाईंच्या समोरच्या ताटलीतलं पनीर उचललं आणि मूठभर दिलं. दोन सेकंदांच्या ऐवजी वीस लागले असतील, सरांना सांगितलेलं नाही.

तेव्हापासून दोन-चार तुकडे कुर्त्याच्या खिशातच ठेवते. फक्त धुवायला टाकताना खिसे तपासा. काल तपासले नाहीत, आणि आज नवऱ्याचे ऑफिसचे तिन्ही शर्ट ठमी मोठ्या प्रेमाने हुंगतेय.