सव्हानामधला निळा रंग

आज आईला घेऊन अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हानाला गेले होते. १७३३ साली वसवलेलं शहर, चौकाचौकात जुनी ओकची झाडं. एक-दोन ठिकाणं पाहिली, पण मन अडकलं ते ओवेन्स-थॉमस हाऊसमध्ये.

१८१९ मध्ये बांधून झालेला श्रीमंतांचा वाडा. वरच्या मजल्यावर घरातल्या घरात, पुढची-मागची बाजू जोडणारा चक्क एक छोटासा पूल! पावसाचं पाणी टाक्यांत साठवून नळाने खेळवलेलं, तेही त्या काळात. १८२५ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले फ्रेंच सेनानी लाफायेत इथेच मुक्कामाला होते. हे सगळं सुंदर आहेच, नाही कशाला म्हणू?

पण मागच्या अंगणापलीकडे गुलामांच्या खोल्या आहेत. लहान, अंधाऱ्या. मान वर केली तर छताच्या लाकडांवर अजून निळा रंग दिसतो, कुठे पोपडे निघालेला, कुठे अगदी गडद. नीळ, चुना आणि ताक कालवून केलेला. भुतंखेतं पाणी ओलांडत नाहीत, म्हणून डोक्यावर पाण्याचा रंग द्यायचा, अशी त्या लोकांची श्रद्धा.

आई बराच वेळ वर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अगं, आपल्याकडेही चुन्यात नीळ घालूनच भिंती सारवायचो की."

वाड्याच्या मालकांची नावं पाटीवर आहेत. हा रंग ज्यांनी लावला, त्यांची नावं मी तिथे शोधत होते. संध्याकाळी समोरच्या चौकात बाकावर बसलो, तरी दोघींच्या डोळ्यांपुढे ते छतच होतं.