देहू-आळंदी: महाशीर बघायला म्हणून जाऊ नका

देहूच्या घाटावर हातभर महाशीर मासे दिसतात, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी ठेवला. नदीत त्यांचं मत्स्यबीज, म्हणजे पिल्लं, सोडतानाचे फोटोही पाहिले होते, म्हणून दोन दिवस काढून कामशेतपासून आळंदीपर्यंत इंद्रायणीच्या काठाने सायकल मारली.

इंदुरीपर्यंत मजेत. फक्त कुंडमळ्याच्या रांजणखळग्यांत उतरू नका.

घाटावर चुरमुऱ्यांची पुडी तीस रुपयांना. "टाका दादा, देवाचे मासे वर येतील." आले, पण सगळे चिलापी (तिलापिया)! खूण सांगतो: महाशीरच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या आणि अंगावर मोठाले खवले. चिलापीला मिशा नसतात आणि पाठीवर काट्यांचा पर असतो. पुडी घेऊच नका. उरलेले चुरमुरे पाण्यातच कुजतात.

आता देहू ते मोशी. काठाला वाटच नाही. चिखल, वेडी बाभूळ, राडारोड्याचे ढीग. सायकल खांद्यावर घेऊन तासाभरात जेमतेम दोन किलोमीटर. एका नाल्याच्या तोंडाशी काठी खुपसली, तर काळा गाळ वर आला आणि सडक्या अंड्यांचा वास सुटला. पुढे जलपर्णी इतकी दाट की तिच्यावरून बगळा आरामात चालत होता. तिथे मी बराच वेळ नुसता उभा राहिलो.

महाशीरला वाहतं, स्वच्छ, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी लागतं. पावसाळ्यात तो अंडी घालायला वर चढतो, बंधारा आडवा आला की अडतो. आपल्या या दख्खनी महाशीरचं शास्त्रीय वर्णन साइक्स या इंग्रज अभ्यासकाने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं. लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार होतात, देशभर जातात. कावेरीत तर हाच मासा तिथल्या कुबडाच्या महाशीरला भारी पडला, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे बीज हवं तेवढं मिळतं. पण त्या नाल्याखाली सोडलेलं पिल्लू किती दिवस काढणार? आधी नाले अडवा, बंधाऱ्यांना माशांसाठी वाट ठेवा, मग फोटो काढा.

तुम्ही निघालात तर देहूहून सरळ डांबरी रस्त्याने आळंदी गाठा. पायाला खरचटलेलं असेल तर पाण्यात उतरू नका. माझी पोटरी दोन दिवस खाजत होती. आळंदीला पोचलो तेव्हा बंधाऱ्याखाली पांढरा फेस तरंगत होता, आणि एक आजी तो हाताने बाजूला सारून तांब्या भरत होत्या.